काळी स्क्रीन आणि आर्विडचा आवाज

बुधवारी सकाळी दहाच्या सुमारास आर्विड कांगसचं बोलणं बंद पडलं.

तसा त्याचा घशातला आवाज जाऊन दीड वर्ष उलटलं होतं. स्नायू एकेक करून साथ सोडत जातात असा त्याचा आजार. आधी हात गेले, मग पाय, मग जीभ. आता बेडवर पडल्या पडल्या त्याच्या ताब्यात उरले होते ते फक्त डोळे. त्या डोळ्यांवर एक लॅपटॉप चालायचा. स्क्रीनच्या खाली बसवलेला कॅमेरा त्याची बुबुळं टिपायचा, तो ज्या अक्षरावर नजर रोखेल ते उमटायचं, आणि वाक्य पुरं झालं की मशीन ते बोलून दाखवायचं. शिवाय जीभ शाबूत होती तेव्हा बायकोनं, मार्लिसनं, मागे लागून त्याच्याकडून सोळाशे वाक्यं त्याच्याच आवाजात भरून घेतली होती. ‘कॉफी पाणचट झालीय’ पासून ‘पाठ खाजव, जरा डावीकडे’ पर्यंत. त्यातलं हवं ते नजरेनं निवडलं की खोलीत खरा आर्विड बोलायचा.

बुधवारी त्या लॅपटॉपनं स्वतःहूनच काही सुधारणा करायला घेतल्या आणि तो अर्ध्यावर अडकला. त्यानंतर तो नुसता चालू व्हायचा, बंद व्हायचा, पुन्हा चालू व्हायचा. मार्लिसनं विक्रेत्याला फोन केला. पलीकडची मुलगी गोड बोलत होती. मशीन पाठवून द्या म्हणाली, तीन आठवडे लागतील, आणि आतलं सगळं पुसलं जाईल.

“आत माझ्या नवऱ्याचा आवाज आहे,” मार्लिस म्हणाली.

“तुम्ही त्याची कॉपी काढून ठेवली असेल ना, मॅडम?”

मार्लिसनं फोन ठेवला. कॉपी काढायचं ती दर महिन्याला ठरवायची. दर महिन्याला दुसरं काही तरी निघायचं. पोटातली नळी बदलायची, विम्याचा फॉर्म, छपरावरचा बर्फ.

आणि सोमवारी डॉक्टर पेल्टो यायच्या होत्या. आर्विडची छाती हळूहळू हरत चालली होती. रात्रीचा मास्क आता पुरेना. पुढची पायरी म्हणजे घशाला भोक पाडून कायमचं श्वासाचं यंत्र. ते हवं की नको हे सोमवारी ठरायचं होतं. मागच्या खेपेला दारात बूट चढवताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, “मार्लिस, तुम्हाला काय हवंय ते मला कळलंय. पण मला त्यांच्याकडून ऐकायचंय. त्यांच्या शब्दांत.”

मशीन नसेल तर इंग्रजी अक्षरांचा तक्ता होता. पारदर्शक प्लास्टिकचा. मार्लिसनं एकेक ओळ वाचायची, मग एकेक अक्षर. आर्विडनं नजर वर केली की हो, डोळे मिटले की नाही. एका वाक्याला दहा मिनिटं. गुरुवारी त्यानं तो थोडा वापरला. शुक्रवारी तिनं तक्ता समोर धरला तर त्यानं डोळे मिटले ते उघडलेच नाहीत. झोपला नव्हता. अडतीस वर्षांच्या संसारात त्याची झोप कोणती आणि सोंग कोणतं हे तिला चांगलं ओळखता येत होतं. तो बोलायचंच सोडून देतोय असं तिला वाटलं.

शुक्रवारी दुपारी नर्स येऊन बसली तेवढ्या दोन तासांत मार्लिस गाडी काढून गावच्या लायब्ररीत गेली. तिथला वेंडल कंप्युटरचं सगळं बघायचा. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि दोन पेन ड्राइव्ह तयार करून दिले. पहिल्यावर एक फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम होती. “आधी हिला पेन ड्राइव्हवरूनच चालवा,” तो म्हणाला. “मशीनमधल्या डिस्कला हात लागत नाही. त्या डिस्कवरून आवाजाच्या फायली बाहेर काढून घ्या. मगच नवी सिस्टिम आत बसवा. दुसऱ्या ड्राइव्हवर डोळ्यांच्या कॅमेऱ्याचा प्रोग्रॅम आहे. काही स्वयंसेवकांनी मिळून केलाय, तुमच्या कॅमेऱ्यावर चालतो म्हणतात.”

“म्हणतात?”

“मी स्वतः चालवून बघितलेला नाही, मिसेस कांगस. खोटं कशाला सांगू.”

शनिवारी उजाडलं तेव्हा खिडकीतून समोरचा रस्ताच दिसत नव्हता. सुपीरियर सरोवरावरून आलेला बर्फ पहाटेपासून कोसळत होता. बर्फ सारणारी गाडी एकदा येऊन गेली, तिच्या मागे पुन्हा हातभर साचला. नर्सनं येता येणार नाही असं कळवलं. लायब्ररी बंद. वेंडल वीस मैलांवर त्याच्या घरी, पण फोन लागत होता.

मार्लिसनं बेडशेजारी छोटं टेबल ओढलं, लॅपटॉप ठेवला, पेन ड्राइव्ह खुपसला आणि वेंडलनं सांगितलेलं बटण टकटक दाबत राहिली. एक यादी उमटली. तिनं पहिली ओळ निवडली. एक गोल चिन्ह आलं, दोनदा फिरलं, आणि स्क्रीन काळी झाली.

ती थांबली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. काळीच.

तिनं मशीन बंद करून पुन्हा तेच केलं. पुन्हा यादी, पुन्हा चिन्ह, पुन्हा काळोख. उजेड वाढवायची बटणं दाबून पाहिली. चार्जर काढून पुन्हा लावला. सातव्या खेपेला तिनं वेंडलला फोन केला.

“दुसऱ्या बाजूच्या खाचेत लावून बघा,” तो म्हणाला. तिनं लावला. काळी.

“मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये एक सुरक्षेचं कुलूप असतं, ते बंद करून बघू.” फोन कानाशी धरून वीस मिनिटं ती निळ्या पानांवर वरखाली करत राहिली. कुलूप सापडलं. बंद केलं. स्क्रीन काळी.

“टीव्हीला जोडता येतं का? कधी कधी चित्र तिकडे जातं.” तिनं तळघरातून वायर शोधून आणली. टीव्ही म्हणाला, सिग्नल नाही.

वेंडल म्हणाला, “मला जरा विचार करू द्या. इकडे आईचं घर गरम ठेवणारी भट्टी विझलीय, तिचं बघून फोन करतो. चालेल?”

“चालेल,” मार्लिस म्हणाली. नाही म्हणून काय करणार होती.

मग ती जमिनीवरच बसली, बेडला पाठ लावून. दुपारचा एक वाजला होता. तिनं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, आर्विडला मात्र नळीतून दोनदा भरवलं होतं. “मला जमत नाही रे,” ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. “वीज गेली की गाव तुला फोन करायचं. तू खांबावर चढायचास. मी काय, शाळेत मुलांना जेवण वाढणारी बाई. मला यातलं काय कळतं? आणि तू डोळे मिटून पडलायस. निदान बघ तरी माझ्याकडे. एवढी कसली शिक्षा देतोयस?”

मग तिनं मान वळवली. आर्विडचे डोळे उघडे होते. तो तिच्याकडे बघत नव्हता. कोपऱ्यात उभ्या केलेल्या तक्त्याकडे बघत होता.

ती इतक्या घाईनं उठली की गुडघा टेबलावर आपटला. तक्ता धरला, ओळी वाचू लागली. तिसऱ्याच अक्षराला तिला अंदाज आला.

“टॉर्च?”

नजर वर.

“टॉर्च कशाला?” पण तिनं स्वयंपाकघराच्या खणातून तो आणला. आर्विडची नजर स्क्रीनवर खिळली होती. मार्लिसनं खोलीतला दिवा घालवला, खिडकीचा पडदा ओढला आणि काळ्या स्क्रीनवर तिरका उजेड मारला. तेव्हा तिला उमगलं. स्क्रीनमागचा दिवा गेला असेल तर चित्र अंधुक का होईना दिसलं असतं. तिनं नाक टेकवून पाहिलं, वरपासून खालपर्यंत.

“काही नाही. चित्रच नाहीये.”

नजर वर. ते उत्तर त्याला पसंत पडल्यासारखं. खांबावरही तो असाच करायचा. कुठपर्यंत वीज पोचतेय ते आधी बघायचं, मग कुठे अडलीय ते शोधायचं. त्यानं पुन्हा तक्त्याकडे पाहिलं. या वेळी त्यानं मोठ्या अक्षरांच्या बटणाचं नाव सांगितलं, ज्यावर छोटा दिवा असतो ते.

मार्लिसनं ते दाबलं. दिवा लागला. पुन्हा दाबलं. विझला. आर्विडची नजर वर गेली आणि वरच राहिली.

“म्हणजे आत चालू आहे?”

हो.

“नुसतं दिसत नाहीये?”

हो.

तिनं वेंडलला फोन लावला. पलीकडे धातूवर काही तरी आपटल्याचा आवाज येत होता. तिनं टॉर्चचं सांगितलं, दिव्याचं सांगितलं.

“हे कुणी सुचवलं?”

“आर्विडनं.”

“मग ऐका. मशीन धडधाकट चालतंय. फक्त चित्र काढणारी चिप आणि ही सिस्टिम यांचं जमत नाहीये. सिस्टिमला सांगायचं, सुरुवातीला त्या चिपच्या नादी लागू नकोस, साधंसुधं चित्र काढ. त्यासाठी एक शब्द टाकावा लागतो. कागद घ्या. नऊ अक्षरं आहेत, मी एकेक सांगतो.”

औषधांच्या यादीच्या पाठीमागे तिनं इंग्रजीत लिहून घेतलं. नोमोडसेट. असला शब्द कुठल्या भाषेत असतो देव जाणे. यादी उमटली की ‘ई’ दाबायचं, लांबलचक ओळ सापडेल, तिच्या शेवटी हा शब्द, मग वरच्या रांगेतलं दहा नंबरचं बटण.

“मिसेस कांगस, आता मला छपरावर चढावं लागेल, धुराड्यात बर्फ अडकलाय. तासभर फोन उचलता येणार नाही.”

तिनं तसंच केलं. शब्द टाकला, बटण दाबलं. चिन्ह फिरलं. स्क्रीन काळी.

या वेळी तिला रडूही आलं नाही. आत काही तरी बधिर झालं. टेबल ढकलून देऊन झोपून जावं, सोमवार येईल तसा येवो, असं वाटलं. आर्विड तिच्याकडे टक लावून बघत होता. दुपारपर्यंत मिटलेले डोळे आता तिला सोडत नव्हते. तिनं मशीन पुन्हा बंद केलं, यादीवर आली, ओळ उघडली, शब्द टाकला. बटण मात्र दाबलं नाही. टेबल फिरवून स्क्रीन त्याच्यासमोर केली, शेजारी कागद धरला.

“तूच बघ. काय चुकतंय माझं?”

ती एकेका अक्षरावर बोट ठेवत गेली. पहिल्या पाचांना त्याची नजर वर गेली. सहाव्यावर त्यानं डोळे घट्ट मिटले.

मार्लिसनं कागद पाहिला, स्क्रीन पाहिली. कागदावर नऊ अक्षरं होती. तिनं आठ टाकली होती. दोन्ही वेळा मधलं एक ‘ई’ गाळलं होतं.

“शाळेतही माझं स्पेलिंग असंच होतं,” ती पुटपुटली. अक्षर भरलं, बटण दाबलं.

चिन्ह फिरलं. स्क्रीन काळी झाली, आणि मग उजळली. सगळं बेढब, मोठ्ठं दिसत होतं, चित्रं ताणल्यासारखी. पण दिसत होतं. मार्लिसनं तोंडावर हात दाबून धरला.

जुनी डिस्क उघडली. आवाजाचं फोल्डर तिथेच होतं, सोळाशे फायली. तिनं बाहेरची डिस्क जोडली आणि कॉपी सुरू केली. सुरुवातीलाच सूचना आली. फाइल वाचता येत नाही, सोडून पुढे जाऊ? तिनं हो म्हटलं. पुन्हा तीच सूचना. पुन्हा. बुधवारच्या धक्क्यात डिस्कचा तो तुकडा खराब झाला असावा. शेवटी मोजदाद आली तेव्हा दोनशे बारा फायली गेल्या होत्या. क्रमांक एकपासून दोनशे बारापर्यंत. सगळ्यात आधी भरलेल्या. त्याची जीभ जड व्हायच्या आधीच्या.

तिनं त्याला न दाखवता ती पाटी बंद केली.

मग सिस्टिमनं विचारलं, मशीनमध्ये कायमची बसवू का? डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल.

मार्लिसचा हात थांबला. आवाज तर बाहेर आला होता, जेवढा यायचा तेवढा. इथेच थांबलं तर? मशीन दुरुस्त होत नाही म्हणून सांगितलं तर सोमवारी डॉक्टर तक्त्यापुढे किती वेळ उभ्या राहणार? त्या मार्लिसला विचारतील. मार्लिस सांगेल, त्याला यंत्र हवंय. अनेक वर्षं मिळतील. कोण खोटं म्हणणार? तो शुक्रवारी डोळे मिटून का पडला होता हे एव्हाना तिच्या लक्षात आलं होतं. सोमवारी काय बोलायचं ते त्याचं ठरलेलं होतं, आणि ते तिला अक्षर अक्षर वाचायला लावणं त्याच्या जिवावर आलं होतं. सकाळपासून ती ज्यासाठी घाम गाळत होती ते दुरुस्त झालं की त्यातून पहिलं काय ऐकावं लागेल, हेही तिला ठाऊक होतं.

तिनं वर पाहिलं. आर्विड तिचा चेहरा वाचत होता. त्याला सगळं कळलंय असं तिला वाटलं आणि तिची मान खाली गेली.

“सगळं पुसलं जाईल,” ती म्हणाली. “दाबू?”

त्यानं स्क्रीनकडे पाहिलं. मग नजर वर केली. तिनं दाबलं.

अर्धा तास लागला. तेवढ्यात तिनं त्याची कूस बदलली, तोंड पुसलं, घशातला कफ ओढून काढला. काम संपल्याची पाटी आली. पेन ड्राइव्ह काढा, पुन्हा चालू करा. तिनं काढला, चालू केलं.

स्क्रीन काळी.

यादी नाही, काही नाही. चिन्ह फिरलं आणि काळोख. जुनं पुसून टाकलेलं, नवं दिसत नाही. वेंडलचा फोन नुसता वाजत राहिला. मार्लिसनं कपाळ बेडच्या कठड्यावर टेकलं. कठडा थंड होता. “मी घालवलं,” ती म्हणाली. “होतं तेही घालवलं, आर्विड.”

मग तिनं तक्ता उचलला, केवळ त्याचे डोळे तिकडे होते म्हणून. त्यानं एकच शब्द सांगितला. तेच.

“तेच काय? तोच शब्द? पण तो टाकू कुठे, यादीच येत नाहीये.”

नजर वर. तोच शब्द.

त्यानं नाद सोडला नाही, म्हणून तिनंही सोडला नाही. यादी लपली असेल तर कुठल्या तरी बटणानं बाहेर येत असेल. तिनं मशीन बंद केलं, एक बटण दाबून धरलं, चालू केलं. काळी. दुसरं बटण. काळी. दर वेळी ती त्याला बटण दाखवायची आणि मगच दाबायची. चौथ्या वेळी मशीननं नुसतं बीप केलं. पाचव्या वेळी डाव्या कोपऱ्यातलं, बाहेर पडायचं बटण ती चालू होताहोता टकटक दाबत राहिली, आणि काळ्यावर पांढरी अक्षरं आली. यादी. तिनं ‘ई’ दाबलं, ओळीच्या शेवटी गेली, नऊ अक्षरं मोठ्यानं म्हणत टाकली.

नवी सिस्टिम उघडली. बेढब, ताणलेली, पण मशीनच्या आतून.

कॅमेऱ्याचा प्रोग्रॅम बसवायला आणखी तास गेला. स्क्रीनवर एक ठिपका फिरायला लागला आणि आर्विडचे डोळे त्याच्या मागे मागे जायला लागले, कोपऱ्याकोपऱ्यातून. मग अक्षरं आली. खिडकीबाहेर अजून उजेड होता, राखाडी.

मशीनचा आवाज नवा होता, नाकातून बोलणारा. पहिला शब्द त्यानं काढला तो म्हणजे, “जेव.”

“हो, जेवते.” तिनं फ्रीजमधली पेस्टी, मांस-बटाट्याची मोठी करंजी, उभ्यानंच थंड खायला घेतली. दोन घास झाल्यावर तिला राहवलं नाही. “दोनशे बारा गेली, आर्विड. पहिली. तुझा चांगला आवाज होता त्यातली.”

अक्षरं सावकाश उमटत गेली. “त्यात हॉकीच्या शिव्याच जास्त होत्या.”

ती हसली, आणि हसता हसता घास अडकून खोकली. तो थांबला. तिचा खोकला पुरा थांबू दिला. मग पुन्हा लिहू लागला. तिनं स्क्रीनकडे बघायचं टाळलं. मशीन बोललं, “सोमवारी मी घशाच्या यंत्राला नको म्हणणार आहे.”

मार्लिसनं पेस्टी खाली ठेवली. “मला माहीत होतं.”

“म्हणून डोळे मिटले. ते तुला वाचायला लागू नये.”

“आणि मी काय करायचं? तुझ्यानंतर? त्याचा विचार केलास?”

“रोज.”

“खोटं. तू नुसता स्वतःचा विचार करतोस. पहिल्यापासून. वादळात खांबावर चढताना कधी घरी विचारलंस?”

“तू ओरडतेस.”

“ओरडणारच. चार दिवस भिंतीशी बोलतेय मी.”

ते भांडले. चांगले तासभर भांडले. ती चार वाक्यं बोलायची तेव्हा त्याचं एक तयार व्हायचं, आणि ते येईपर्यंत तिला थांबावं लागायचं. थांबताना राग जरा निवायचा, मग त्याचं उत्तर ऐकून पुन्हा भडकायचा. मध्ये वेंडलचा फोन आला. “चालू झालं का?” त्यानं विचारलं. “झालं,” मार्लिस म्हणाली, “पण आता आम्ही भांडतोय, नंतर करते.”

सोमवारपर्यंत रस्ता मोकळा झाला. डॉक्टर पेल्टो खुर्ची ओढून बेडजवळ बसल्या. त्यांनी मार्लिसकडे पाहिलंच नाही, आर्विडला विचारलं. त्याला दहा मिनिटं लागली. घशाला भोक नको. मास्क दिवसाही लावायला तयार आहे. मेमध्ये पुन्हा विचारा, तेव्हाचं तेव्हा सांगेन, पण बायकोनं भांडून मन वळवलं असं लिहू नका.

डॉक्टरीणबाईंनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. मार्लिस खिडकीशी उभी होती. मे यायला साडेतीन महिने होते. तिनं वळून लॅपटॉपची वायर नीट खोचली आहे ना ते पाहिलं, आणि कॉफी ठेवायला आत गेली.